भिंगरीची एकाग्रता

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण, मी विद्यार्थी झालो आहे. अध्यापक महाविद्यालयात उभा जन्म 'अध्ययनावर परिणाम करणारे घटक' शिकवण्यात गेला. भावनिक, शारीरिक, सामाजिक. आता हे घटक स्वतःवर पडताळून पाहणार.

निमित्त नातीचं. भिंगरी, वय पाच. जन्मापासून ऐकू येत नाही, हातांनी बोलते. चिरंजीव आणि सूनबाई ती खुणांची भाषा केव्हाच शिकले. मी शिकलो नाही, कारण मला कोणी रीतसर शिकवली नाही. सूनबाई जूनमध्ये पुन्हा नोकरीवर जाणार. शाळा सुटल्यावर भिंगरीला कोण सांभाळणार? मी म्हटलं, मी आहे की! सूनबाई म्हणाली, बाबा, तिचं बोलणं तुम्हाला कळायला हवं. भूक लागली, दुखतंय, भीती वाटतेय, निदान एवढं तरी. नाहीतर दुपारी ती माझ्या आईकडे राहील.

म्हणजे विहीणबाईंकडे. त्याही क्लासला येणार आहेत. बिचाऱ्या!

आमच्या हिच्या खोलीतली कपाटं हलवून भिंगरीची खेळणी मांडली. ही गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं. जूननंतर नाही उठणार.

८ जानेवारी
क्लासचा पहिला दिवस. शारीरिक घटक अत्यंत प्रतिकूल. खुर्च्यांना हात नाहीत. ट्यूबलाइट फडफडते. शिक्षिका पोरसवदा, तिलाही ऐकू येत नाही. प्रस्तावना नाही, उद्दिष्टं नाहीत, आली आणि एकदम 'पाणी' सुरू. वर कळस म्हणजे वर्गात तोंडानं बोलायला बंदी!

क्लास सुटल्यावर तिला सविस्तर फीडबॅक दिला. हसतमुखानं ऐकून घेतला. घरी सूनबाई म्हणाली, बाबा, तिला एक अक्षर कळलं नसेल. मला तसं वाटत नाही. चेहऱ्यावर समाधान होतं.

१९ जानेवारी
सामाजिक घटक: विहीणबाई. बाई चुकतात आणि स्वतःच खो खो हसतात. आज 'मांजर' करायला गेल्या आणि मिशा थेट कानापर्यंत नेल्या. शिक्षिकेला हसून हसून ठसका लागला. वर्गातला बेकरीवाला टेबल बडवत होता. असा पीअर ग्रुप असल्यावर गंभीर विद्यार्थ्यानं करायचं काय? मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. तिथून शिक्षिकेचे हात दिसत नाहीत, पण विषयाचं एकूण आकलन उत्तम होतं.

२ फेब्रुवारी
ऐकू न येणाऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव देतात. भिंगरीनं आज आम्हा सगळ्यांना दिलं. विहीणबाईंचं नाव, पोट धरून हसणं. माझं, हाताची चोच करून तोंडापाशी भराभर उघडझाप. अर्थ विचारला तर चिरंजीवांनी विषय बदलला. उघड आहे: वक्ता. लेकराला माणसांची पारख आहे.

११ फेब्रुवारी
सराव होत नाही. बोटं आखडतात. डॉक्टरांना दाखवली, तर म्हणाले बोटं ठणठणीत आहेत. या लोकांचं हेच चुकतं. बोटं पाहतात, बोटांमागचं मन पाहत नाहीत. संध्याकाळी क्लबात पत्ते खेळलो. पिसताना बोटं अगदी मोकळी झाली.

२० फेब्रुवारी
लिहून ठेवण्यासारखा दिवस!

भिंगरीला शेजारी बसवून भाषा म्हणजे काय हे समजावून सांगितलं. तोंडानंच, पण सावकाश आणि योग्य हावभावांसह. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले. हाताची घडी, मान ताठ, पापणी हलेना. मध्येच एक डोळा किलकिला करून पाहिलं, मी चालूच होतो, तिनं पुन्हा मिटला. एवढ्या नोकरीत मला अशी एकाग्रता एकाही विद्यार्थ्यात दिसली नाही.

सूनबाईला सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघतच राहिली. भरून आलं असणार.

५ मार्च
मी बोलत असताना भिंगरी फार हातवारे करते. माझी लिंक तुटते. म्हणून आज तिचे दोन्ही हात माझ्या हातात प्रेमानं धरून ठेवले आणि मुद्दा पूर्ण केला. ती लालबुंद झाली, ओढाओढ केली, शेवटी चावली. भावनिक घटक: शिस्तीची सवय नाही.

सूनबाई कधी नव्हे ती माझ्यावर ओरडली. म्हणाली, तिचे हात धरणं म्हणजे माणसाच्या तोंडावर हात दाबून धरणं. काहीतरीच! मी तिच्या तोंडाला हातसुद्धा लावला नव्हता.

१८ मार्च
क्लास बुडाले. एकदा चप्पल तुटली, एकदा मोटिवेशन नव्हतं, एकदा पत्त्यांची फायनल होती. फरक पडत नाही. विहीणबाई एकही क्लास चुकवत नाहीत आणि तरी चुकतातच.

३ एप्रिल
आज ट्रायल. दुपारभर भिंगरी आणि मी, घरात दुसरं कोणी नाही. झकास पार पडलं.

सुरुवातीला रडली. सारखी कानाकडे बोट दाखवत होती. माझ्या लगेच ध्यानात आलं. पोरीला आपल्या उणिवेची जाणीव झाली! हे कधीतरी होणारच होतं, आणि माझ्यासमोर झालं हे तिचं भाग्य. अशा परिस्थितीतून माणसं कशी वर आली ते मी तिला सांगितलं. तिनं माझा हात ओढून स्वतःच्या कानावर ठेवला. मी कुरवाळला. मग तिनं एक खूण केली. ओळखीची वाटली, पण कोपर फारच लुळं होतं. कोपर धरून सरळ करून दिलं. पुन्हा करायला लावली, पुन्हा करायला लावली. शेवटी अगदी सफाईदार जमली. मी टाळ्या वाजवल्या.

नंतर डोळे मिटून पडून राहिली. कपाळ गरम लागत होतं. बौद्धिक श्रमांनी होतं असं.

४ एप्रिल
भिंगरीच्या कानात पू झाला होता. काल संध्याकाळी पडदा फुटला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुपारपासून असह्य ठणकत असणार, पोरीनं कसं सोसलं कोण जाणे.

ती खूण 'दुखतंय'ची होती. क्लासला पहिल्याच आठवड्यात झाली होती म्हणे. मी सूनबाईच्या निदर्शनास आणलं की शेवटी ती बिनचूक मीच करून घेतली. धीर द्यावा म्हणून म्हटलं, त्या कानाला तसंही ऐकू येत नव्हतं, म्हणजे नुकसान काही नाही. चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्ही बाहेर बसा.

बाहेरच्या बाकाला पाठ नव्हती.

२० एप्रिल
निकाल लागला. भिंगरी विहीणबाईंकडे.

निकष काय, असं मी विचारलं. जास्त चुका कोणाच्या? सूनबाई म्हणाली, आई चुकते, पण मग भिंगरीलाच विचारते. तिच्याकडे बघते.

मी म्हटलं, माझ्यासमोर तिची एकाग्रता किती होते हे तरी लक्षात घ्या. तेव्हा तिनं सांगितलं. बाबा, तिला कान बंद करायची गरज पडत नाही. कोणी नकोसं झालं की ती डोळे मिटते. तो माणूस गेला की उघडते.

हे मत एकांगी आहे. क्लबात गेलो. पत्ते पिसता येईनात.

१ जून
कोणाला सांगितलेलं नाही. क्लास संपल्यावर शिक्षिकेकडे गेलो होतो. पहिल्या रांगेत एकटाच बसलो, तोंड बंद ठेवलं. कागदावर लिहून एकच वाक्य मागितलं: उद्या माझ्याकडे येशील? तिनं माझे हात धरून शिकवलं. तेव्हापासून आरशासमोर सराव. बोटं आखडत नाहीत. खोलीतली खेळणी पुसून ठेवली.

१२ जून
दुपारी विहीणबाईंकडे गेलो. दार उघडंच होतं. दोघी जमिनीवर बसून हातांनी काहीतरी भांडत होत्या आणि हसत होत्या. बाईंनी मला पाहिलं, भिंगरीच्या खांद्यावर थाप मारून दाराकडे बोट केलं. ती वळली.

मी हात वर केले.

तिनं डोळे मिटले. हाताची घडी घातली, मान ताठ केली. मी तोंडातून शब्दही काढला नव्हता. तरी मी वाक्य पूर्ण केलं. सगळ्या खुणा बरोबर आल्या. कोपरसुद्धा सरळ होतं. विहीणबाई बघत होत्या, त्यांचं हसू थांबलं होतं. मी हात खाली घेतले आणि तिथंच उभा राहिलो.

थोड्या वेळानं भिंगरीनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. मी अजून गेलो नव्हतो. तिनं पुन्हा मिटला.