तळ्याचा पडदा

३ नोव्हेंबर, सोमवार
पल्लवीने आज विषय काढलाच. स्टुडिओतला, फोटोमागचा तळ्याचा पडदा उतरवायचा.
"आत्या, अब कोई तालाब के सामने खड़ा नहीं होता. हंस देखके बच्चे हँसते हैं."
मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. धाकट्या भावाची मुलगी. नोकरी सोडून चार महिने झाले इथे येऊन, स्टुडिओ मी चालवीन म्हणते. मला फार आनंद झाला होता. अजूनही आहे.
मी म्हटलं, राहू दे, त्याच्यापुढे नवा लाव. तर म्हणे मागच्या भिंतीला ओल आलीय, प्लास्टर करावंच लागेल. खरं आहे तिचं. मी नको तितकी चिडले. चहा अर्धा टाकून वर आले.

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी शटर उघडण्याआधी एकटीच पडद्यासमोर उभी राहिले. तळं, पायऱ्या, दोन हंस, डावीकडे खांब, खांबावर फुलांची कुंडी. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरने बाबांना मांजरपाटावर करून दिलेला.
खांबावर, माझ्या खांद्याच्या जरा खाली, डाग आहे. वाटीएवढा. नलूच्या डोक्याचं तेल. गिऱ्हाईक केस विंचरून येईपर्यंत बाबा माझ्या धाकट्या बहिणीला फोकससाठी उभं करायचे. ती खांबाला डोकं टेकायची आणि सारखं, "बाबा, झालं? बाबा, झालं?"
नऊ वर्षांची होती. टायफॉइड. मी अकरा.
बाबांनी अख्ख्या झाँसीचे फोटो काढले. नलूचा एकही नाही. तान्ही असतानाचासुद्धा नाही. घरचाच स्टुडिओ, कधीही काढू. फोकसला उभं करायचे, फिल्म कशाला जाळायची.

६ नोव्हें., गुरु.
प.बरोबर मानिक चौक. पडद्यांचं दुकान आत गल्लीत. छापलेले पडदे चटयांसारखे गुंडाळून उभे. बर्फ, पुस्तकांची कपाटं, फुगे, परदेशातला कुठला तरी पूल. दुकानदार एकेक उलगडत होता.
"दीदी, ये वाला ले जाइए. तेल, हल्दी, बच्चे की सू-सू, कुछ भी गिरे, गीला कपड़ा मारो, साफ़. दाग पकड़ता ही नहीं."
मी विचारलं, "बिल्कुल नहीं पकड़ता?"
त्याला वाटलं मला कळलं नाही. पुन्हा पहिल्यापासून समजावलं बिचाऱ्याने.
प.ने मोबाइलचा दिवा तिरका धरून त्यावर मारला. "चमकेगा, भैया. चेहरे के पीछे सफ़ेद धब्बा आएगा." कागदाचा रोल पायाखाली फाटतो म्हणून तोही नको. शेवटी साधं सुती कापड, राखाडी, कुठे गडद कुठे फिकं, धुक्यासारखं. तिने ते दारातल्या उजेडासमोर धरलं, वीण पाहायला. बाबा अगदी असंच धरायचे. तिला कोणी शिकवलं नव्हतं.
मलाही तेच आवडलं. पण "उद्या सांगतो" म्हणून निघालो.

९ नोव्हें., रवि.
मोठ गावाहून एकजण आला. आई गेली त्याची, तेरवीसाठी फोटो मोठा करून हवा. जुना लग्नाचा जोडफोटो घेऊन आला, आमच्याच स्टुडिओतला, मागे तळं.
"दीदी, इधर इतनी जगह ख़ाली पड़ी है. काट दो, तो अम्मा-बाबूजी बीच में आ जाएँगे."
खरंच. नवरा-नवरी एका कडेला सरकलेली. दुसऱ्या कडेला खांब, आणि खांबापुढे कोणी नाही. खांबावर अंधुकसा डाग.
खुर्ची बोटभर इकडची तिकडे झाली तरी बाबा उठून नीट करायचे. ते असा फोटो काढतील?
उद्या या म्हटलं त्याला. दुपारभर निगेटिव्हचे डबे काढून खिडकीशी बसले. जोडपी, पदवीचा झगा घातलेली मुलं, तीन भाऊ, स्टुलावरची बाळं. नलू असतानाच्या डब्यांत माणसं मध्यभागी, कोणी चक्क खांबाला रेलून ऐटीत. ती गेली त्यानंतरच्या डब्यांत खांबापाशी एकही माणूस नाही. एकही.
बाबा कधी बोलले नाहीत. आम्ही तिचं नाव काढलं की उठून डार्करूममध्ये जायचे.
आणि मी? बाबा थकल्यापासून मीच कॅमेऱ्यामागे. "अपने बाएँ हाथ को सरकिए. थोड़ा और. बस." बाबांनी शिकवलेलं, की तिथे उजेड चांगला पडतो. आज मीटर लावून पाहिलं. उजेड सगळीकडे सारखाच आहे.

१० नोव्हें., सोम.
मोठवाल्याला कापून मोठा केलेला दिला. सोबत न कापलेलाही एक. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले.
"ये भी रख लेता हूँ. अम्मा को खुली जगह चाहिए होती थी, कहती थीं, बस में भी सटके मत बैठो."
हसला, मग डोळे पुसले. मीसुद्धा.

१२ नोव्हें., बुध.
प.ला सांगितलं. डबे दाखवले, डाग दाखवला.
"नलू कौन?"
तिला माहीतच नव्हतं की आपल्याला आणखी एक आत्या होती. तिचे बाबा तेव्हा पाळण्यात होते, त्यांनाही आठवत नाही. भिंतीवर फोटो नाही, मग पुढच्या पिढीसाठी ते माणूस नाहीच. आता तिला आठवणारी मी एकटी. माझ्यानंतर हा तेलाचा डाग.
एक गोष्ट प.ला सांगितली नाही. इथे लिहिते. कोणाला तरी सांगायला हवीच.
कॉन्व्हेंट शाळेत पाठांतराचा कप मिळाला होता मला. सिस्टरनी स्वतः माझी रिबन नीट केली होती. धावत स्टुडिओत आले. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. बाबा म्हणाले, "दोघी उभ्या राहा गं." मी म्हटलं, "कप मला मिळालाय."
नलू बाजूला झाली. रडली नाही. "मग पुढच्या रोलमध्ये माझा एकटीचा. हो ना, बाबा?"
तो फोटो माझ्या कपाटात आहे. मी बरोब्बर मध्यभागी.

१३ नोव्हें., गुरु.
रात्रभर विचार करून सकाळी मीच प.ला म्हटलं, जा, ते राखाडी घेऊन ये.
"पक्का, आत्या?"
पक्कं नाही. पण भिंतीची ओल खांबापर्यंत चढलीय. ठेवला तरी जाणारच, आणि मी बघत असताना जाणार.

१६ नोव्हें., रवि.
पडदा उतरवला. दोघींनीच. इतक्या वर्षांचा रंग, पापडासारखा तडकत होता. एका हंसाची मान फरशीवर पडली.
प. म्हणाली, "उतना हिस्सा काट लें? फ्रेम करवा देंगे."
क्षणभर वाटलं, हो. पण त्या चौकटीत नलू कुठे असणार? ती पुढे उभी राहायची. मागचं तेवढं कापून काय करू? नको म्हटलं.
बांबूवर गुंडाळला, जुन्या चादरीत बांधून माझ्या खोलीत आडवा ठेवलाय. खांबाची बाजू आत धड गेली की चुरा झाली, कळत नाही. उलगडून पाहिलं तर जे उरलं असेल तेही जाईल.
हात दोनदा धुतले. नखांत अजून निळं आहे.

२३ नोव्हें., रवि.
भिंत वाळली. राखाडी पडदा लागला. प.ने इस्त्री फिरवून घड्या काढल्या. छान दिसतो, उगाच कशाला नावं ठेवू. पण खोली अनोळखी वाटते.
दुपारी तिने दिवे लावले. "आत्या, ज़रा खड़ी हो जाइए, फोकस देखना है."
उभी राहिले, मध्यभागी. ती बराच वेळ काही फिरवत होती.
"झालं?" मीच विचारलं. आवाज माझाच होता.
प.ने कॅमेऱ्यावरून मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला पाहिलं. मग मराठीत म्हणाली, अडखळत,
"आत्या, थोडी डाव्या हाताला."
सरकले.
"अजून थोडी. बस."
उजवीकडे मी पाहिलं नाही. कापड अंगाला लागत नव्हतं, तरी पाठीशी गार वाटलं. खटका वाजला.
"फोकसचा फोटो काढतात का कोणी?"
"अब तो काढते हैं, आत्या. अब क्या ख़र्च होता है?"
कॅमेरा पुढे केला तिने. मी म्हटलं, चष्मा वर खोलीत राहिलाय.
"ले आऊँ?"
"राहू दे."
संध्याकाळी ती कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवून गेली. कुठलं बटण दाबायचं तेही दाखवून गेली. अजून दाबलं नाही. चष्मा डोळ्यांवरच आहे, त्याशिवाय हे लिहिता आलं नसतं.