उपासाच्या दिवशी सोनोग्राफी

केतकीच्या बाबाले गौरीचा नमस्कार.

नागपुरात दादाच्या घरी बरी हाय मी. काळजी करू नका.

काल सोनोग्राफी झाली. चार गिलास पाणी पिऊन या म्हणे. पन रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी सकाळपासून निर्जळी उपास धरलता! तिथली बाई खेकसली, "पाण्याबिगर अंडाशयातली गाठ दिसन कशी?" मंग देवाची माफी मागून पाणी प्याली. रक्तही घेतलं. कॅन्सरची शंका असली की घेतात म्हणे. रिपोर्ट शुक्रवारी येईन. मले भेव नाही लागत. अक्षर वाकडं आलं, ते रक्त काढलेला हात दुखते म्हणून.

वरणात मीठ कमी टाकजा, तुमाले बीपी हाय.

केतकी फोनवर सांगे, बाबाचा डबा हापिसातून तसाच वापस येते, त्याइनं सोमवारपासून उपास धरला. वीस वर्सं तुम्ही माझ्या उपासाले हासले. फोनवर वहिनीसमोर इचारवत नाही, म्हणून लिहून राह्यली.

त्याच सोमवारी, मले नागपुरले धाडायच्या आधी, आपल्या तिकडच्या डॉक्टरनं तुमाले एकट्याले आत बोलावलं होतं. आधी पोटभर जेवा, अन् मंग मले खरं लिहा. काय सांगलं त्यानं?

तुमची,
गौरी