ताप नव्हता

३ ऑगस्ट, सोमवार
शिरीष सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातून आला तो बूट न काढताच ओरडला, "गुरुवारपासून भट्टी बंद होऊन राहिली. मले चार दिवस भेटले!"
पोर शाळेत जायला लागल्यापासून माझ्या नवऱ्याची सुट्टी तिच्या सुट्टीशी कधी जुळली नाही. मे महिन्यात भट्टी चालू, दिवाळीत चालू. भट्टी विझेल तो आमचा सण.
चित्रकोटला जायचं ठरलं. उन्हाळ्यात तिथे काय खडक बघायचे? धबधबा बघावा तर आत्ताच. मी रजा टाकेन, मृणूची तीन दिवस शाळा बुडेल. बुडू दे.

४ ऑगस्ट, मंगळ.
मृणूचं तोंड एवढंसं झालं. पंधरा ऑगस्टच्या परेडमध्ये मोठा ड्रम मिळालाय तिला, आठवीतल्या पोरीला पहिल्यांदाच. "मम्मी, प्रैक्टिस मिस की तो ड्रम किसी और को दे देंगे. बीमार हो तो चलता है."
आजारी पडलं तर चालतं, बापाबरोबर गेलं तर नाही. वा रे नियम!
शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून डोकं पिकवून राहिली? ताप आला म्हण ना. सगळेच म्हणतात."
हे मला कोणी शिकवू नये. मीच उरला गावच्या शाळेत शिकवते, रोज हजेरी घेते. गावच्या लग्नाहून पोरी कोपरापर्यंत मेंदी रंगवून येतात आणि म्हणतात, "बुखार था मैडम."
मी म्हणणार नाही.

५ ऑगस्ट, बुध.
मृणूच्या शाळेत जाऊन प्रिन्सिपल मॅडमना सरळ सांगितलं, फिरायला जातोय. "ऐसे सब घूमने जाने लगें तो स्कूल किसलिए है?"
म्हटलं, मॅडम, हिचे वडील घरी असतात तेव्हा झोपलेले असतात. चार दिवस जागे मिळतायत.
"नियम सबके लिए है. ड्रम जाएगा."
घरी येऊन मृणूला सगळं सांगितलं. रडली. मग नाक पुसून, "पापा पूरे चार दिन रहेंगे? पक्का?" आणि बॅग भरायला घेतली. राग आला मला. मॅडमचा, भट्टीचा, सगळ्यांचाच.

७ ऑगस्ट, शुक्र. चित्रकोट
काल केशकाल घाटात ट्रकांच्या मागे रखडलो, पण कोणी कुरकुरलं नाही. आज पाणी. लालभडक, अख्खी नदीच कोसळतेय. शेजारचं माणूस काय बोलतं ते ऐकू येत नाही.
शि.ला त्याचं काय! प्लांटच्या आवाजात हे लोक हातांनीच बोलतात. त्याने मृणूला खुणा शिकवल्या. मूठ म्हणजे थांब. हवेत बोट गोल फिरवलं की चालू ठेव. मग तिने रेलिंगवर परेडचा ठेका धरला, दोन्ही हातांनी, आणि बाप समोर उभा राहून बोट फिरवतोय, फिरवतोय. लोक बघायला लागले. बघोत.
याच्यासाठी शाळा बुडवली. परत बुडवीन.

१० ऑगस्ट, सोम.
मृणू नाचत घरी आली. ड्रम परत मिळाला! पण मॅडमनी विचारलं म्हणे, "अब बुखार कैसा है?"
मी शि.कडे बघितलं. मान खाली घालून बूट बांधत बसलेला. सकाळी यानेच शाळेत गुपचूप फोन केला होता, की जाणं रद्द झालं, पोरीला ताप आला.
"माझ्यापायी पोट्टीचा ड्रम गेला ना. मले पाहवलं नाही."
खूप बोलले त्याला. म्हणजे आपण गेलोच नाही? त्या पाण्यासमोर उभेच नव्हतो? जन्मात एकदा मिळालेले चार दिवस, तेही खोटे करून टाकलेस?
मृणू दारात उभी राहून ऐकत होती. आता वाटतं, तिच्यासमोर नको होतं.

१२ ऑगस्ट, बुध.
मला न विचारता मृणूने आज मॅडमना गाठलं. "मैम, बुखार नहीं था. हम गए थे. बहुत मज़ा आया."
शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती! पण हसू आलं. माझीच पोर.
ड्रम पुन्हा गेला. परत मिळेल का विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सोचती हूँ." मृणू घरी येऊन जेवली नाही.
अभिमान वाटतोय. पण तत्त्व माझं होतं, ड्रम तिचा.
शि.ने हे सगळं ऐकलं. मग स्वतःच शाळेत फोन लावला. "मैडम, झूठ मैंने बोला था. बच्ची ने नहीं."

१४ ऑगस्ट, शुक्र.
भट्टी सोमवारपासूनच पेटलीय. शि.ला आज रात्रपाळी.
शाळेतून एवढाच निरोप, "कल पूरी ड्रेस में भेजिए, देखेंगे." म्हणजे काय ते देवाला माहीत. ड्रम देतील, नाहीतर मागच्या रांगेत उभं करतील. हजेरीत तीन दिवसांची गैरहजेरी लागली आहे. लागू दे, ती खरी आहे.
मृणूने स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं पालथं घालून लाटण्याने ठेका धरलाय. दुपारपासून.
शि. डबा घेऊन निघाला. "ड्यूटी सुटली की थेट शाळेच्या फाटकावर येतो. कपडे काळेच राहतील, सांगून ठेवतो."
"और ड्रम नहीं मिला तो, पापा?"
तो वळला. पायरीवर उभा राहून त्याने हवेत बोट गोल फिरवलं.
ती आत जाऊन पुन्हा वाजवायला बसली. पातेल्याला पोचे पडतायत. पडू देत.