पोवळ्याची उन्हाशी ओळख

आई, तुला न विचारता मी घरात समुद्र आणलाय. दोन हात लांबीची काचेची टाकी आहे, घाबरू नकोस. माझा लेक, तुझा नातू, मस्कतला नोकरीला गेला आणि जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेला. तिच्यात खारं पाणी, दोन मासे आणि दगडाला चिकटलेलं एक मऊ पोवळं आहे. अंगठीतलं नव्हे, जिवंत, तपकिरी, तुरे हलवणारं. "आई, बाकी काही झालं तरी चालेल, पण एवढं जगव," म्हणाला. रत्नागिरीत जन्म गेला, पण जिवंत पोवळं पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघराच्या शेजारी.

मला वाटायचं, समुद्रातल्या जिवाला पाणी हवं, दिवा कशाला? तर म्हणे त्याच्या अंगात शेवाळाचे बारीक कण राहतात, ते उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यालाही जेवू घालतात. भाडेकरूंनी घरमालकाला पोसायचं! मला भारी गंमत वाटली. मग मी जुना मिणमिणता दिवा काढून चांगला जोरदार नवा आणला आणि दिवसभर जळत ठेवला. आठवड्याच्या आत पोवळं आक्रसलं, पांढरं पडायला लागलं. मुलाला सांगायचा धीर होईना. शेवटी दिवेवाल्याला फोन केला. "काकी, पहिल्याच दिवशी फुल्ल लावलात? करपलं ना ते! पांढरा उजेड कमी करा, निळा ठेवा. खोल पाण्यात निळाच पोचतो. मग हळूहळू वाढवा."

करपलं म्हटल्यावर मला तुझी ती सात कलमं आठवली. राजापूरला तुझ्या माहेरचा आंबा रस्त्यात जाणार होता, म्हणून तू त्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणल्या होत्यास. मागीलदारी कलमं बांधलीस, वर माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांची सावली केलीस. पाऊस सरल्यावर तू दोन दिवसांनी एक, असं एकेक झाप काढत होतीस. मी नऊ वर्षांची, मला तो सगळा चेंगटपणा वाटायचा. "एकदम उनात टाकलं तर करपतात गो बाय. उनाची वळख करून द्यायला लागते." तू देवरूखला मावशीकडे गेलीस आणि मी सगळी झापं उतरवली, कलमं लवकर वाढावीत म्हणून. तू आलीस तेव्हा सहा करपली होती. बाबा भडकले. तू म्हणालीस, "वाऱ्यानं उडाली असतील झापं. वाऱ्याला कोन काय बोलनार?" मी उरलेल्या एकाला पाणी घालत राहिले. ते सातवं मागीलदारी अजून फळ धरतंय.

तर मी टाकीवर मच्छरदाणीचा तुकडा चार घड्या करून घातला आणि दर चार दिवसांनी एक घडी उलगडत गेले. रोज सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसायचे. निळ्या उजेडात मासे वेगळेच दिसतात, हेही कळलं. आज शेवटचा पदर काढला. पोवळ्याचे तुरे पुरते उघडलेत, तळाशी तपकिरी रंग परत आलाय. मला खरंच रडू आलं.

मग जाळी नीट घडी करून फळीवर ठेवली आणि हात तिथेच थांबला. त्या दिवशीही मी झापं अशीच, एकावर एक नीट रचून गोठ्याच्या भिंतीशी ठेवली होती. वारा काही झापं रचून ठेवत नाही. उरलेल्या कलमावर घालायला तू ती तिथूनच उचलून आणली होतीस. आता तुझ्यापर्यंत काही पोचत नाही, हा कागद टाकीखालच्या खणातच राहणार. पण आई, झापं मी काढली होती.