एकवीस कुंड्यांचा सूड

३ ऑगस्ट, रविवार
ठरलं. भाऊबीज झाली की सहकुटुंब सहल. मुख्य हेतू सूड, हवापालट दुय्यम.
रागाचं कारण विसरू नये म्हणून नोंद: मे महिन्यात समोरच्या फ्लॅटमधला सागर भोईर बायकोमुलाला घेऊन नऊ दिवस उदयपूरला गेला. किल्ली माझ्याकडे. चौदा कुंड्या, दोन वेळा पाणी. परत आल्यावर त्याची हेमाली अख्ख्या मजल्यासमोर म्हणाली, काका, गुलाब मारलात ना! मोबदला म्हणून एक लाकडी उंट. तोही मान मोडलेला.
अंजूरची शेतजमीन गोडाऊनला भाड्याने दिली की त्याच्यासारखा माणूस राजवाडे बघतो. मी इतिहासाचा बी.ए., दापोड्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मालाच्या बिल्ट्या लिहितो आणि त्याच्या गुलाबाला पाणी घालतो. आता तो माझ्या झाडांना घालेल.

९ ऑगस्ट, शनिवार
शहराची निवड. अट एकच, उदयपूरपेक्षा जुनं पाहिजे. पैठण बाद, सागरची मावशी तिथे असते. वाराणसीबद्दल आमची सौ. सुचेता म्हणाली, तिथे लोक पापं धुवायला जातात, सूड घ्यायला नाही. बाद.
बदामी! चालुक्यांची राजधानी. उदयपूरहून हजार वर्षांनी थोरली. पुढे हंपी. बत्तीस पानांची फाईल केली, लेण्यांच्या नकाशांसह. यामिनीने विचारलं, बाबा, या वेळी खरंच जायचंय ना? अकरा वर्षांत असे सहा बेत झाले म्हणे. मोजत बसायची खोड आईची.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनानंतर फाईल सागरला दाखवली. जळावा म्हणून. म्हणाला, काका, लय भारी हाय, आमाला यातला कायच ठाव न्हाय, झेरॉक्स काढू का? काढ म्हटलं. जळू दे सावकाश.

१७ ऑगस्ट, रविवार
एक अडचण लक्षात आली. आपल्याकडे झाडच नाही.
राहनाळच्या नर्सरीतून एकवीस कुंड्या आणल्या. मुद्दाम नाजूक, त्यात तेरडाही. नर्सरीवाले एजाजभाई म्हणाले, साहब, ये दो टाइम पानी माँगेंगे. म्हटलं, वही चाहिए. सुचेता म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस, तुमच्या बेताचा दोन. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, ही तिची खरी तक्रार.

२५ ऑगस्ट, सोमवार
आठला रेल्वेचं रिझर्व्हेशन उघडणार. पावणेआठला तेरड्याने मान टाकलेली दिसली. (वर पत्रा आहे, पाऊस आत येत नाही.) सागरच्या हातून मरायचं झाड माझ्याच हातून मेलं, तर सुडात काय राहिलं? एकवीस कुंड्या, एक तांब्या. लॅपटॉप उघडला तेव्हा आठ चाळीस. वेटिंग ९४.
हरकत नाही. होतं कन्फर्म.

१२ ऑक्टोबर, रविवार
वेटिंग ६१.
विश्वासघात! सागर त्याच्या सात सीटर गाडीने बदामी-हंपीला चालला आहे. माझ्याच फाईलवरून. सुचेताला म्हणाला, काकू, तुमी पन चला, काकांशिवाय मजा न्हाय. ती लगेच हो म्हणाली. मला न विचारता.
मी थंड आवाजात सांगितलं, मला जमणार नाही, कुंड्यांना पाणी कोण घालणार? आता येतील मायलेकी विनवण्या करत. दोन दिवस भाव खाईन, मग जाईन. पुढची सीट माझी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
विनवणी नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
नाहीच. सुचेताने माळ्यावरून एकच बॅग काढली. यामिनीला नवे बूट. चकल्या कडक झाल्यात. त्यात सागरचा हात नसावा, पण सांगता येत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
रात्री जेवताना तीनदा खाकरलो. सुचेताने पाण्याचा तांब्या पुढे केला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ५.४०
गेले. पुढच्या सीटवर माझी फाईल होती.
निघताना सागरने किल्ली हातात दिली. काका, तुमी घरी हाय म्हनून बरा, तुमच्यासंगती आमच्या पन चौदांना पानी घाला. फेकून मारणार होतो. पण यामिनी काचेतून हात हलवत होती.

२६ ऑक्टोबर, रविवार
पस्तीस कुंड्या. कंबर धरली आहे.
दुपारी फोटो आला. लेण्यासमोर यामिनी फाईल धरून सगळ्यांना समजावते आहे. सागर तोंड उघडं टाकून ऐकतोय. बाजूला सुचेता हसते आहे. अशी हसताना तिला शेवटची कधी पाहिली, आठवेना. खाली तिने लिहिलंय, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच आहे. पुढची सीट रिकामीच आहे अजून.
उत्तर दिलं नाही. इथे कामं पडली आहेत.
हेमालीच्या नव्या गुलाबाला कळी आली आहे. सूड म्हणून त्याला आज पाणी घातलं नाही.
साडेचारला जाऊन घातलं.