नकाशात नसलेलं दार

३ नोव्हेंबर

या वहीची माफी मागायला हवी. मागची नोंद चार वर्षांपूर्वीची आणि तीही अर्धी. 'आज विशेष काही' एवढं लिहून मी उठले होते. कशासाठी उठले ते आठवत नाही. आज मात्र विशेष आहे: नवं गाव, नवी नोकरी, नवं घर. सकाळपासून गुणगुणतेय.

घर दुसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली लांबट, आठ फरश्या लांब, पाच रुंद (मोजल्या; खोड जात नाही). खिडकीतून पाण्याची टाकी आणि बरंचसं आभाळ दिसतं. डावी भिंत अख्खी कोरी, तिच्यापलीकडचं बिऱ्हाड रिकामं, कुलूप गंजलेलं. त्या बाजूला शेजारी नाहीत याचा आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून जरा लाजही वाटली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिंपी एकटेच राहतात. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, की उजव्या बाहीचा खांदा अर्धा इंच उतरलाय.

काम माझ्या स्वभावाचं आहे. जुन्या इमारतींचे कागदी नकाशे आणि त्यांची संगणकावर उतरवलेली प्रत शेजारी ठेवून ताडून पाहायची. दार राहिलं, जिना उलटा फिरला, ते पकडायचं आणि मग सही. साहेब म्हणाले, की आधीचा तपासनीस डोळे मिटून सह्या करायचा, तुम्ही निदान एक तरी उघडा ठेवा. पहिल्याच दिवशी चाळीस नकाशे झाले. घाई झाली का? बहुतेक नाही.

९ नोव्हेंबर

शेवटचं खोकं उघडलं. त्यात आमचा, माझा नि ताईचा, व्हिडिओ गेम निघाला. मी तो बांधल्याचं मला आठवत होतं, तरी दिसल्यावर दचकल्यासारखं केलं. एकटं असताना माणूस कुणासाठी नाटक करतो?

चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने फुंकर मारली, दोन तारा बदलल्या आणि म्हणाला, की बाई, हा मेलेला नाही, नुसता रुसलाय. त्याच्याकडूनच एक जुना, पोटवाला टीव्हीही घेतला.

'भुयार' असं आम्हीच त्याचं नाव ठेवलं होतं. खरं नाव परक्या लिपीत आहे. एकूण तीन भाग, तीन कॅसेटी. एक वाटसरू, हातात दिवा, दिव्यात मोजकं तेल. एक पाऊल टाकलं की एक थेंब कमी. पडद्यावर नकाशा नाही, खेळ साठवायची सोय नाही. दगडी बाकावर दिवा ठेवला की अठरा खुणांचा संकेत मिळतो, तो बिनचूक उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी घालून तिथूनच सुरू करायचं. एक खूण चुकली की पुन्हा पहिल्या पायरीपासून. ताई म्हणायची, हा बनवणाऱ्याला लहानपणी कुणी खेळायला घेतलं नसणार.

कंट्रोलर ताईच्या हातात असायचा. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी शेजारी आलेखाचा कागद घेऊन नकाशा काढायचे. एक पाऊल, एक चौकोन. ती पडद्याकडे बघायची आणि मी कागदाकडे. ती मला मुंगी म्हणायची.

१७ नोव्हेंबर

ऑफिसातून आले की रोज तासभर. पहिला भाग संपला, काल दुसराही. बोटं ऐन वेळी चुकतात, सतरा वेळा एकाच खड्ड्यात पडले. पण माझे नकाशे बरोबर आहेत. बाराव्या वर्षी काढलेली एकही रेघ खोटी नाही. (हे वाक्य खोडावं का? उद्या ठरवीन.)

रविवारी दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याला पैसे देताना आवाजच फुटेना. खोकून वेळ मारून नेली.

२२ नोव्हेंबर

वाक्य खोडलं नाही, पण खरं लिहिते.

ताई हॉस्टेलला निघाली त्या पहाटे पाचला उठून आम्ही तिसरा भाग लावला. शेवटचीच खोली राहिली होती. तिच्या डाव्या भिंतीत दार होतं. आदल्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना मी एकटीने खेळून ते पाहिलं होतं. पण आज खेळ संपला की ती जाणार, आणि मग मी कुणाच्या शेजारी बसू? म्हणून नकाशावर दाराच्या जागी सरळ रेघ ओढली. ती शोधत राहिली. म्हणाली, मुंगे, बघ गं नीट, नक्की भिंतच आहे ना? मी म्हटलं, हो ताई, भिंतच आहे.

नकाशावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. तिने उरलेल्या तिन्ही बाजू चाचपल्या. त्यात सातची बस गेली. अकराच्या बसने निघाली. ती बस पुलावरून खाली कोसळली.

हे आईबाबांना कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

निघण्याआधी तिने संकेत माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात उतरवला होता. खाली लिहिलंय: 'मी आल्याशिवाय पुढे जायचं नाही. शप्पथ घे.' मी घेतली होती.

२४ नोव्हेंबर

शपथ मोडली. तीस वर्षं झाली, कुठेतरी हे संपवायला हवंच ना? की हीसुद्धा सबब?

संकेत घातला. वाटसरू त्या खोलीत उभा राहिला. तेल: चाळीस थेंब. सरळ डाव्या भिंतीशी नेला, चौथ्या चौकोनापाशी, जिथे दार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

भिंत होती. कोरी, सलग. नकाशात आहे तशी.

तीनदा संकेत तपासला. तो बिनचूक आहे. मग लक्षात आलं, की खोली आठ चौकोन लांब, पाच रुंद आहे, माझ्या या खोलीसारखीच.

कंट्रोलर फरशीवर ठेवला आणि पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा वाटसरू चालत होता.

२७ नोव्हेंबर

टीव्हीची वायर काढून ठेवली आहे.

खालच्या शिंपीकाकांनी जिन्यात अडवलं. हसत म्हणाले, की दुपारच्याला शतपावली घालता वाटतं? आठ पावलं, थांबणं, वळणं, परत आठ. शिंप्याला मोजायची खोड, काय करणार. मी म्हटलं, दुपारी मी ऑफिसात असते. तर म्हणाले, मग पाहुण्यांना सांगा, चपला घालून चालू नका.

पाहुणे कुणी नाहीत हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणीतरी आहे असं त्यांना वाटलं, ते क्षणभर बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर

ऑफिसात आमच्याच इमारतीचा नकाशा काढून पाहिला. जुन्या कागदावर माझ्या खोलीच्या डाव्या भिंतीत दार आहे, चौथ्या फरशीपाशी. संगणकाच्या प्रतीत ते नाही, सरळ रेघ आहे. खाली 'तपासले, बरोबर' आणि सही.

सही माझी. तारीख ३ नोव्हेंबर. पहिल्या दिवसाच्या चाळिसातला एक. मी दार पाहिलं नाही, की पाहून—

घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, छे हो, तिथे दार कधीच नव्हतं. मी तीस वर्षं बघतोय.

१ डिसेंबर

सुट्टी. भर दुपार, ऊन खोलीभर.

भिंतीपलीकडे पावलं. आठ. थांबणं. मग हात भिंतीवरून फिरल्याचा आवाज, चाचपत, हळूहळू. चौथ्या फरशीशी आला की थांबतो. मग पुढे जातो.

टीव्हीची वायर काढलेलीच आहे. तरी पडद्यावर तेलाचा आकडा दिसतोय. नऊ.

३ डिसेंबर

सहा.

शिंपीकाकांकडे जाऊन बसावं म्हणून दारापर्यंत गेले. काय सांगणार त्यांना? परत फिरले. आणि ताई? तिला एकटीला तिथे टाकून मी कुठे जाणार—

५ डिसेंबर

आज ती बोलली.

संध्याकाळ, चहाच्या वेळी. अगदी जवळून, भिंतीला तोंड लावून. थकलेला आवाज, पण राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, मुंगे, बघ गं नीट. नक्की भिंतच आहे ना?

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं खरं उत्तर पाठ करत होते. रोज. अंघोळ करताना, रांगेत उभी असताना, प्रत्येक नकाशावर सही करताना.

मी म्हटलं, हो ताई, भिंतच आहे.

भीतीने. केवळ भीतीने म्हटलं—

पलीकडे हात भिंतीवरून एकदा फिरला. मग म्हणाली, बरं. आणि पावलं. पाच.

६ डिसेंबर

एक थेंब.

ती चालत नाहीये. चौथ्या फरशीशी उभी आहे. पाऊल टाकलं की अंधार, म्हणून उभी. श्वास ऐकू येतो.

मला ओरडून सांगता येईल. एवढंच तर करायचंय. तोंड उघडते आणि दूधवाल्यासमोर झालं तसं—

नकाशा आणला. खोडरबर शोधते. रेघ खोडली तर कदाचित, निदान कागदावर तरी—

खोडरबर नको.

रेघ नाहीये. तिच्या जागी करडा डाग आहे. ताई रबर कधी वापरायची नाही, थुंकी लावून बोटाने खोडायची, कागद भुरभुरा व्हायचा, मी चिडायचे. डाग ओला आहे.

म्हणजे तिला ठाऊक होतं. म्हणजे कागद इकडे होता आणि ती—

पडद्यावर शून्य.

मागे फरशीवर चपला. एक, दोन. मी वळत नाही, मी लिहितेय. लिहीत असेपर्यंत ती शेजारी बसेल, नेहमीसारखी. आज आवाज फुटत नाही, म्हणून उद्याचं एकच काम लिहून ठेवते, विसरायचं नाही:

ताईला खरं सां