उष्ट्या काड्या

बाबा,

हे पत्र पोस्टात टाकायची माझी हिंमत होणार नाही, म्हणून तरी खरं लिहिते.

गेल्या वर्षी तुम्ही छांगशा शहरात माझ्या घरी आलात, तेव्हा आमच्या इस्पितळातल्या डॉक्टर फांगबाई जेवायला होत्या. त्या बूट काढून, हात धुऊन येईपर्यंत तुम्ही तापलेल्या कढईत डुकराच्या मांसाचे पातळ काप हिरव्या मिरच्यांबरोबर परतून ताटात काढलेतसुद्धा. "मिरची रडवेल, पण खाणं सोडवणार नाही," म्हणालात, आणि त्यातला सगळ्यात चांगला काप स्वतः जेवत होतात त्याच चॉपस्टिक्सनी बाईंच्या वाटीत ठेवलात.

मी ओरडले, "बाबा, उष्ट्या काड्या! हे काय तुमचं गाव आहे?" आणि तो काप उचलून कचऱ्यात टाकला.

फांगबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्यायचास गं. माझे वडील गेल्यापासून असं कुणी वाढलं नव्हतं मला."

तुम्ही मात्र हसलात. "नर्स आहे ती, बरोबरच आहे तिचं." मग नुसता भात खाल्लात.

काल मी गावी आले. तुम्ही एकटे राहता, एकटेच जेवता. तरी ताटाशेजारी लाल दोरा बांधलेल्या वेगळ्या काड्या होत्या. त्या काड्यांनी त्याच मिरच्यांतल्या मांसाचा एक काप माझ्या वाटीत ठेवून तुम्ही म्हणालात, "या तोंडाला लावलेल्या नाहीत हं, पोरी."

माझे डोळे भरून आले. "मिरची तिखट आहे," मी म्हणाले.

"शहरात राहून जीभ नाजूक झाली तुझी," म्हणत तुम्ही पाणी आणायला उठलात.

मिरची मुळीच तिखट नव्हती, बाबा.

तुमची,
युनशिऊ